धूळ म्हणून काढलेलं

मुलुंडच्या वनमाला परब घाटकोपरच्या एका कॉलेजात एकवीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळतात. तिथलं लेसरचं यंत्र त्यांच्याच हातातलं. डोळ्यांना न दिसणारे कण पाण्यात सोडायचे, त्यांवर लेसर मारायचा. कण नाचतात, प्रकाश लुकलुकतो. लुकलुक भराभर झाली तर कण बारीक, सावकाश झाली तर मोठे; आकार संगणक काढून देतो. एवढं ज्ञान बाईंना पुरतं, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच पीएचडीवाल्यांनाही पुरतं.

दहा मोजमापांत एखादं वेडंवाकडं आलं, की बहुधा धूळ शिरलेली असते. मग काचेची कुपी धुवायची, नमुना नव्याने भरायचा, पुन्हा मोजायचं. बाईंचा हा नियम कधी चुकला नव्हता.

फेब्रुवारीत नवरा गुणाजी गेला. तेरावं उरकून बाई कामावर आल्या. रडल्या नाहीत, वाटलंही काही नाही. फक्त कुपी पुन्हा धुणं बंद झालं. वाकडं मोजमाप दिसलं की त्या सरळ काढून टाकत. लोक म्हणाले, बाई खंबीर आहेत. म्हणायला लोकांचं काय जातं?

पीएचडी करणारी श्रुतिका त्यांच्याच मोजमापांवर प्रबंध लिहीत होती. तिच्या औषधाचे कण महिनोन्‌महिने सुटे राहतात, हा तिचा दावा. जुलैत, प्रबंध द्यायला तीन दिवस उरले असताना, बाईंनी तिच्या औषधाची बाटली उचलली. तळाशी पांढरा साका. त्यांनी स्वतःच काढून टाकलेली मोजमापं संगणकावर पुन्हा उघडली. धूळ कधी एका मापाची नसते. इथे दर आठवड्याच्या आलेखात तोच उंचवटा, थोडा वाढलेला. कणांच्या गुठळ्या होत होत्या, मार्चपासून.

गप्प बसल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता. बाईंनी श्रुतिकाला बोलावून सगळं दाखवलं.

"काकू, माझी वाट लागली ना," श्रुतिका म्हणाली. "तुम्ही तर परत मोजता. कधीपासून असं काढून टाकताय?"

"कामावर परत आले तेव्हापासून."

श्रुतिकाने पडद्यावरची पहिली तारीख बघितली, तेराव्यानंतरची. मग हळूच म्हणाली, "गाईड सरांना मी सांगते, मशीन बिघडलं होतं."

बाईंना ती दया सोसवेना. पाच महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी दुखलं.

"मशीनला काही झालं नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "मला झालं होतं."