सगळ्यांचं झालं का?

एका हातात भातवाढणं, दुसरा हात पदराला पुसत, स्वयंपाकघराच्या दारातून पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकायची आणि विचारायचं, "सगळ्यांचं झालं का?" आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीत बारसं असो, साखरपुडा असो की तेरावं, स्वयंपाकाच्या मावशींचा हा प्रश्न कानावर आला की कार्य पार पडलं, असं आम्ही धरून चालायचो.

"झालं, झालं" असं चौघांनी सांगितलं तरी त्यांचा विश्वास नसे. बाहेर जाऊन गाडीवाले, मांडववाले जेवलेत का, ते स्वतः बघून यायच्या. मग पातेल्याच्या बुडाशी उरलेला भात घेऊन, ओट्याला टेकून उभ्या उभ्या चार घास खायच्या. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेलच. तिला बसून जेवताना तुम्ही कधी पाहिलंय का, आठवून बघा.

मावशी मूळच्या वणीकडच्या. नवरा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला होता. तो गेला आणि एकुलत्या लेकीच्या शिक्षणासाठी त्यांनी लोकांच्या कार्याचे स्वयंपाक धरले. माझं तिकीट बुकिंगचं दुकान त्यांच्या घरासमोरच. माझा स्वभाव जरा हुकूम सोडणारा. माझ्या मुलीच्या बारशाला मी त्यांचं ताट पहिल्याच पंगतीत मांडलं आणि हाताला धरून त्यांना बसवलं. घास तोंडात गेला न गेला तोच बाई उठल्या.

"बसा म्हटलं ना!" मी ओरडलोच.

"आमटीकडं कोन बघनार? तुम्ही तिकिटं काढा. माझ्या पातेल्यात नका पडू."

मला राग आला होता. चारचौघांत माझं ऐकलं नाही, याचाच जास्त. संध्याकाळी भांडी आवरताना मात्र त्या आपणहून बोलल्या. "पयल्याच कार्यात मी मधीच जेवून घेतलं व्हतं, दादा. शेवटाला मांडववाले तिघं आले आन् भात सरलेला. माझ्या पोटात हाय आन् त्यांच्या नाय. तवापासून सगळ्यांचं झाल्याबिगर घास उतरत नाय."

लेक शिकली, जर्मनीत नोकरीला लागली. एक दिवस तिचा फोन आला. "काका, आईचं बिझनेस क्लासचं तिकीट काढा."

"गुडघ्यांसाठी ना? सीट आडवी होते, बरं पडेल त्यांना."

"सीटचं जाऊ द्या, काका. त्या तिकिटावर विमानतळाच्या लाउंजमध्ये बसता येतं ना, तिथं मला ती जेवायला हवीय. उभ्यानं खरवड खाताना बघत मोठी झालेय मी. एकदा तरी तिनं खुर्चीत बसून, वेळेवर, गरम जेवावं. तुम्ही तिला सगळं नीट समजावून सांगा."

आता गंमत अशी, की मी शेकडो लोकांना लाउंजबद्दल सांगितलंय, पण स्वतः आत पाऊल टाकलेलं नाही. तरी ठासून सांगायला माझं काय जातंय! मावशींना दुकानात बसवून सगळं सांगितलं. दारात बोर्डिंग पास दाखवायचा. आत मऊ खुर्च्या, स्वच्छ संडास, फोन चार्ज करायची सोय. काही ठिकाणी अंघोळसुद्धा करता येते. जेवण मांडून ठेवलेलं असतं, हवं ते, हवं तितकं घ्यायचं, वेगळे पैसे नाहीत. फक्त विमानाची घोषणा आत होईलच असं नाही, म्हणून विमानांच्या वेळा दाखवणाऱ्या फळ्यावर लक्ष ठेवायचं आणि वेळेआधी गेटवर जायचं.

"पंगत किती वाजता बसती?"

"पंगत नसते, मावशी. कधीही जेवा."

"आन् सैपाकीन कवा जेवती?"

मी हसून विषय बदलला. तिथेच चुकलो.

मुंबईच्या विमानतळावर मावशी लाउंजमध्ये चार तास बसल्या आणि उपाशीच विमानात चढल्या. सगळ्यांचं होऊ दे, मग आपण घेऊ, म्हणून हातात रिकामी प्लेट धरून बसल्या होत्या. चार माणसं जेवून उठत, सहा नवी येत. तिथली माणसं दोनदा विचारून गेली. "होऊ द्या सगळ्यांचं," यांचं उत्तर तयार. लाउंज काही रिकामा होईना. हे लेकीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी आधी खो खो हसलो. पलीकडे ती रडत होती, हे कळल्यावर मलाच माझी लाज वाटली.

तीन महिन्यांनी मावशी परतल्या. तिकडच्या लाउंजमध्येही त्यांनी नुसता चहा घेतला होता. पुढच्या वर्षी लेकीनं त्यांना कायमचं बोलावलं आणि हट्टानं पुन्हा तसलंच तिकीट काढायला लावलं. निघायच्या दिवशी मी म्हटलं, "मावशी, या खेपेला जेवला नाहीत तर माझ्याशी बोलू नका."

"खानार," त्या पदर खोचत म्हणाल्या. "लेकीच्या डोळ्यांत पानी नाय आननार परत. पन कसं जमवायचं, ते माझं मी बघीन."

दुपारी दुकानात गिऱ्हाईक असताना मोबाइल वाजला. फोटो होता. मावशी खुर्चीत ताठ बसलेल्या, पुढ्यात भरलेली प्लेट, घास हातात. खाली त्यांच्या आवाजातला निरोप. गिऱ्हाइकाला थांबवून मी तो ऐकला.

"दादा, लय वेळ ताट घिऊन बसले. जमंनाच. मंग तिथं ताटं उचलनारी बाई व्हती, तिला म्हनलं, काय सरलं, कोन उपाशी राह्यलं, तर बघशील का? ती म्हनली, मावशी, तुम्ही बसा, मी बघते. मंग बसले. फोटू तिनंच काढला. वरन बरं हाय. मीठ कमी हाय जरा."

इतकी वर्षं आम्ही सगळे त्यांना "बसा, बसा" म्हणत आलो. माझ्याइतकं मोठ्यानं तर कुणीच म्हटलं नसेल. "मी बघतो" हे दोन शब्द मात्र कुणाच्या तोंडून निघाले नाहीत. ते एका अनोळखी बाईला सुचले. मला त्याचं फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

मावशी आता तिकडेच असतात. परवा कॉलनीत साखरपुडा होता. स्वयंपाकाला नव्या काकू होत्या. पंगत बसली तेव्हा मी आत गेलो आणि त्यांच्या हातातलं भातवाढणं मागितलं. त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं.

"तुम्ही बसा, काकू. मी बघतो."

"आमटी ढवळत राहाल ना? खाली लागते हं."

"ढवळतो."

काकू बसल्या. मी दारात उभा राहिलो. शेवटी बाहेर जाऊन पाहिलं, तर दोन गाडीवाले राहिलेच होते. त्यांना वाढलं, आणि मग ओट्याला टेकून जेवलो. भात पार गार झाला होता.