लाल दवेचा रंग

निजामाच्या फौजेत मी नाईक होतो. जगात मोठी लढाई चालू होती. आमची तुकडी मात्र अंबडच्या पुढे एका गावाबाहेर तंबू ठोकून बसली होती आणि आमची लढाई पटकीशी, म्हणजे कॉलऱ्याशी होती. हुकूम साधा होता. गावच्या बारवेत लाल दवा टाकायची आणि पाणी साफ होईपर्यंत कोणाला भरू द्यायचं नाही.

हवालदार गफूर खाँ आमचे म्होरके, जुन्या जालन्याचे. मला ते नावाने हाक मारत नसत. माझं गाव टेंभुर्णी, म्हणून मी त्यांचा 'टेंभुर्णी'. बुटाची नाडी बांधायलाही त्यांनीच मला शिकवलं होतं.

छावणीत भिश्ती संध्याकाळी पखालीत लाल दवेचे खडे टाकी. पाणी गुलाबी होई. सकाळपर्यंत रंग उतरे, मग आम्ही पीत असू. त्यामुळे डोक्यात एकच पक्कं बसलं होतं, रंग गेला की पाणी साफ. का, ते कोणी विचारलं नाही. फौजेत 'का' विचारायची सवय नसते.

सकाळी आठला दवा टाकली. त्या बारवेच्या पायऱ्या उतरून बायका पाण्यात उभ्या राहून घागरी भरत. धुणंही तिथंच चाले.

"टेंभुर्णी, पहारे पे ठहर. रंग उतरा तो जल्दी रिपोर्ट कर."

"जी, साहेब."

नऊला रंग उतरला. छावणीत रात्र लागते, इथे तासाभरात कसा, असं मनात आलं. पण खोटं कशाला सांगू, ऊन चढलं होतं आणि मला पहाऱ्याचा कंटाळा आला होता. मी रिपोर्ट दिला, "पाणी साफ, साहेब."

लोक पाणी भरेनात. पारूबाई म्हणून एक बाई पुढे आली. तिचा नवरा आदल्याच दिवशी पटकीने गेला होता.

"सकाळी रगतावानी लाल दिसत व्हतं. आमी न्हाई भरत. नाल्याचं पिऊ."

"माई, नाल्याचं बिलकुल पिऊ नका," हवालदारसाहेब म्हणाले.

"मंग आधी तुमी पिऊन दावा."

त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली आणि ओंजळ धरली. तिने बारवेतून घागर भरली आणि वरून ओतली. ते पोटभर प्यायले. त्यांच्यामागे मी प्यायलो. मग घागरींची रांग लागली. मला फार बरं वाटलं होतं, हे आज सांगताना लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी पहाटे हवालदारसाहेबांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दहाला अंबडहून डॉक्टर आले. त्यांनी मला विचारलं, "दवेचा रंग किती वेळ टिकला?"

"एक तास, साहेब."

डॉक्टर हवालदारसाहेबांच्या खाटेच्या कडेला बसले. म्हणाले, "रंग टिकायला हवा होता. पाण्यातल्या घाणीने दवा खाल्ली, म्हणून रंग गेला. दवा संपली, घाण तशीच राहिली. आणखी टाकायला हवी होती."

खाटेवरून आवाज आला, "डॉक्टरसाब, उसकू कुछ मत बोलो. हुकुम मेरा था." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "जा, टेंभुर्णी. और दवा डाल."

मी गेलो. दुप्पट टाकली. दुपारी चारला हवालदारसाहेब गेले, तेव्हा बारवेचं पाणी गुलाबीच होतं. दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी गुलाबी होतं. त्याच दिवशी पारूबाई गेली.

मला काहीच झालं नाही. तेच पाणी, तीच घागर. याचा हिशेब मला आजवर लागलेला नाही.

आता जालन्यात माझ्या घरात नळ आहे. सूनबाई कुरकुरते, "मामंजी, पाण्याला औषधाचा वास येऊन राह्यलाय."

मी म्हणतो, "येऊ दे. वास येतोय तोवर पी. ज्या दिवशी येणार न्हाई, त्या दिवशी आधी मला सांग."

रोज सकाळी पहिला पेला मीच भरतो. हुंगतो. मग हवालदारसाहेबांचं आणि पारूबाईचं नाव घेतो, आणि घरच्यांना पाणी भरायला सांगतो.