त्र्याण्णव नंबरचा दगड

रस्त्याचं काम संपलं तरी खडीचे ढीग कडेला तसेच पडून राहतात. कुणी उचलत नाही, कुणी विचारत नाही. आमच्या धंद्यात किश्शांचं तसंच होतं. बातमी छापून येते आणि आठवड्यात कपाटाच्या फळीवर अंथरली जाते. जे छापता आलं नाही, ते मात्र पडून राहतं. संभाजीनगरहून उत्तरेला निघणारा, फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा गाव करत घाटाच्या जंगलातून फर्दापूरला उतरणारा आणि पुढं जळगावकडे जाणारा हा रस्ता मी इतकी वर्षं कव्हर केला, की बातम्यांपेक्षा ढीगच जास्त झालेत!

पण नुसत्या करमणुकीसाठी सांगतेय असं समजू नका. या सगळ्यांच्या मुळाशी एक कठडा आहे. घाटातल्या एका वळणावर, दरीच्या बाजूला असायला हवा होता तो. नव्हता.

*

फर्दापूरला आमचे वार्ताहर किसन साळवे. सकाळी पेपर टाकायचे, दिवसा झेरॉक्सचं दुकान, आणि उरलेल्या वेळात बातमीदारी. मी नवखी होते तेव्हा मोबाइल नव्हते. बातमी हातानं लिहायची, पाकिटात घालायची आणि संभाजीनगरच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायची, अशी पद्धत. ड्रायव्हर बहुतेक वेळा शेखचाचा. स्टँडवर आमचा शिपाई जाऊन पाकीट घेऊन यायचा.

एकदा दोन दिवस साळवेंचं पाकीटच नाही. मी खवळले. तिसऱ्या दिवशी शेखचाचा स्वतः ऑफिसात आले आणि चिखलानं बरबटलेलं पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. उघडलं तर आत बातमी : ‘घाटाच्या पायथ्याशी भलामोठा खड्डा, वाहतूक ठप्प होण्याची भीती.’

“चाचा, दोन दिवस ही बातमी होती कुठं?”

“उसीच गड्डे में थी, बेटी!”

*

घाटात एक जुना किलोमीटरचा दगड आहे. अर्धा मातीत, अर्धा वर. वरच्या अर्ध्यावर आकडा, ९३. त्या दगडाजवळ रस्ता असा वळतो, की समोरून येणारी गाडी दिसत नाही आणि दरी मात्र तळापर्यंत दिसते. ड्रायव्हर लोक त्याला ‘सलामीचं वळण’ म्हणतात. दोन हॉर्न द्यायचे, हात कपाळाला लावायचा आणि मग स्टिअरिंग फिरवायचं. हिंदू असो, मुसलमान असो, बौद्ध असो, रिवाज सगळ्यांना एकच.

मला वाटलं, जवळपास एखादा दर्गा असेल, देवीचं ठाणं असेल. फीचर करायला बरं! चाचांना विचारलं, “सलाम करता कुणाला?”

चाचा माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, “सामने से जो आरा उसकू! उसने हॉर्न सुना, मेहरबानी उसकी.”

फीचर झालं नाही. पण मी त्या दिवशी पहिली बातमी लिहिली : ‘किलोमीटर ९३ येथे कठडा उभारण्याची मागणी.’ ती पहिली. पुढं किती लिहिल्या, ते माझं मलाच माहीत.

*

हा रस्ता निजामाच्या अमलात पक्का झाला, लेणी बघायला येणाऱ्या बड्या पाहुण्यांच्या मोटारी धावाव्यात म्हणून, असं जुनी माणसं सांगतात. त्याच्याआधी तो बैलगाड्यांचा. सिल्लोडच्या पुढं सपाट रानात या रस्त्याला एक विनाकारण वाटणारा वळसा होता. रुंदीकरणाच्या वेळी सर्व्हेवाला इंजिनिअर त्या वळशावर हसला. शेजारच्या शेताचे मालक दादाराव बांधावर उभे होते. म्हणाले, “हसू नका सायेब. हितं आमची हीर हाय. बैलं पाणी पिल्याबिगर पुढं सरकत नव्हती. ह्यो रस्ता बैलांनी आखलाय.”

“काका, आमच्याकडे सॅटेलाइटचा नकाशा आहे.”

“मग ऱ्हायलंच!”

रस्ता सरळ झाला. वैशाखात काम सुरू झालं आणि तिसऱ्याच दिवशी जेसीबी तापून बंद पडला. इंजिनिअर हातात कॅन घेऊन दादारावांच्या विहिरीवर.

दादाराव म्हणाले, “घ्या की, लागंल तेवढं घ्या. मशीन बी बैलावानीच निघालं म्हणायचं!”

*

मग ती सगळा रस्ता उकरून ठेवल्याची वर्षं आली. एक बाजू खणलेली, दुसरी बाजू धुळीत. संभाजीनगरहून निघालेला माणूस फर्दापूरला पोचायचा तेव्हा त्याला बायकोनंही ओळखलं नसतं.

त्या काळात एक परदेशी जोडपं लेण्यांपाशी टॅक्सीतून उतरलं. डोक्यापासून बुटांपर्यंत एकच रंग. बाईंनी मागं वळून रस्त्याकडे बघितलं, पुढं डोंगराकडे बघितलं आणि गाइडला काळजीनं विचारलं, “इथंही काम चालू आहे का?”

गाइड आमच्या फर्दापूरचाच. छाती काढून म्हणाला, “नाही मॅडम. लेण्यांचं काम कधीच पूर्ण झालंय!”

ही बातमी मी तशीच्या तशी लिहिली. संपादकांनी ‘पर्यटनविषयक’ पानावर लावली. मी भांडले तर म्हणाले, “मग कुठं लावू, विनोदाच्या पानावर?”

*

साळवेंची मुलगी प्रज्ञा सिल्लोडच्या कॉलेजात जायला लागली. सकाळची एसटी, आणि रोज ते वळण. तोपर्यंत साळवे आपल्या बातमीत लिहायचे, ‘कठडा उभारावा अशी नागरिकांची मागणी आहे.’ त्या आठवड्यापासून लिहायला लागले, ‘कठडा उभारावा अशी मागणी आहे.’

संपादकांनी त्यांना फोन लावला. “साळवे, मागणी कुणाची? बातमीत कोण ते यायला पाहिजे.”

पलीकडून साळवे शांतपणे म्हणाले, “बापाची लिहू का?”

त्या दिवसापासून मी हे प्रकरण अंगावर घेतलं. दर पंधरा दिवसांनी रस्त्याच्या साहेबांना फोन.

“प्रस्ताव वर पाठवलाय, मॅडम.”

“वर म्हणजे कुठं?”

“वर.”

वरच्यांना फोन केला. ते म्हणाले, “आम्ही तर कधीच खाली पाठवला.”

मी म्हणाले, “मग घाटात बघा. कठडा नाही ना तिथं, दरीत पडला असेल!”

फोन कट. मी पुन्हा लावला. माझं नाव दिसलं की उचलायचे नाहीत, म्हणून आमच्या शिपायाच्या फोनवरून लावला. उचलला! हे मी सहा महिने केलं. शिपायाचा नंबरही त्यांनी ओळखीचा करून घेतला, तेव्हा मी थेट त्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर जाऊन बसायला लागले.

*

आणि एके दिवशी चक्क प्रेसनोट आली : ‘किलोमीटर ९३ येथील संरक्षक कठड्याचे काम पूर्ण.’

मी ऑफिसात पेढे मागवले. साळवेंना फोन केला, “साळवे, जिंकलो!”

पलीकडे नुसता वारा. मग साळवेंचा आवाज आला. “ताई, मी आत्ता वळणावरच उभाय. हितं कठडा नाय. माकडं हायेत.”

कठडा मग गेला कुठं? आमचा फोटोग्राफर आणि मी गाडी काढली, रस्त्यावरून शोधत निघालो. सिल्लोड सोडलं आणि पुढं सापडला. दादारावांच्या शेतापाशी! दोन्ही बाजूंना जमीन ताटासारखी सपाट, आणि कडेनं हा भक्कम सिमेंटचा कठडा. पिवळे-काळे पट्टे, रात्री चमकणाऱ्या पट्ट्या, सगळं कसं नियमात. वर दादारावांनी मिरच्या वाळत घातल्या होत्या.

“लई झकास झालाय, ताई,” दादाराव म्हणाले. “पर ह्याच्यावरनं पडणार हाय कोन? मका?”

*

आता लाज वाटते ते सांगते. चूक सरकारची नव्हती. निदान सगळी नव्हती.

रस्ता नव्यानं केला तेव्हा किलोमीटर जळगावच्या टोकाकडून मोजायला घेतले. जुना दगड संभाजीनगरकडून मोजलेला. म्हणजे नव्या मोजणीत त्र्याण्णव आला दादारावांच्या मक्यात, आणि घाटातलं वळण झालं सदुसष्ट. हे खात्याला ठाऊक होतं. आम्हाला नव्हतं. साळवे जुना दगड बघून लिहायचे, मी साळवेंचं बघून लिहायची, आणि पोलीस पंचनाम्यातही तोच दगड. माझी सगळी कात्रणं काढून टेबलावर पसरली. प्रत्येक कात्रणात माझ्या हातचा ९३. सगळ्या जगाला प्रश्न विचारणारी मी, ‘मोजता कुठून?’ एवढा एक प्रश्न कधी विचारला नव्हता!

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांच्या केबिनमध्ये. बाकावर नाही, थेट आत.

“साहेब, चूक आमची. कठडा सदुसष्टला पाहिजे.”

त्यांनी रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं. “मॅडम, सदुसष्टला एकही अपघात नाही. रेकॉर्डवर तिथं धोकाच नाही. अपघात सगळे त्र्याण्णवला. आणि तिथं आपण कठडा केलाय.”

“अहो, मक्यात!”

“पण परिणाम बघा ना,” साहेब खुशीत येऊन म्हणाले, “कठडा झाल्यापासून त्र्याण्णवला एक अपघात झालेला नाही!”

*

मी संपादकांकडे गेले. मी म्हणाले, पहिल्या पानावर खुलासा छापा : ‘या रस्त्याविषयीच्या आमच्या आजवरच्या बातम्यांत जिथं ९३ आहे, तिथं ६७ वाचावे.’

“इतक्या वर्षांची चूक एकदम कबूल करायची? वाचक काय म्हणतील?”

“वाचक एसटीनं जातात, सर. ते वळण त्यांना आकड्यानं माहीत नाही.”

“पहिल्या पानावर नाही.”

“मग माझा राजीनामा पहिल्या पानावर लावा.”

खुलासा आला. पहिल्याच पानावर, खाली कोपऱ्यात, काडेपेटीएवढ्या चौकटीत. साळवेंनी फर्दापूरला त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि एसटीच्या ड्रायव्हरांना वाटल्या. शेखचाचा तेव्हा रिटायर झाले होते. तेही एक झेरॉक्स घेऊन पोलीस ठाण्यात जाऊन बसले. जुन्या पंचनाम्यांतलं ठिकाण दुरुस्त करून द्या म्हणाले. जमादारानं विचारलं, “चाचा, तुमचा काय संबंध?”

“सलाम का संबंध है!”

पंचनाम्यांची दुरुस्ती, खुलासा, माझी कात्रणं, असा गठ्ठा घेऊन मी पुन्हा त्याच बाकावर. साहेबांना बाहेर पडायला दुसरं दार नव्हतं. शेवटी एका सोमवारी ते म्हणाले, “बरं, स्थळपाहणी करू. पण आश्वासन देत नाही.”

*

पाहणीच्या दिवशी सकाळी आम्ही वळणावर पोचलो, तेव्हा साळवे आधीच हजर. इस्त्रीचा शर्ट. सोबत थर्मास आणि दुकानातली प्लास्टिकची खुर्ची. मला वाटलं होतं, हा माणूस आज भांडणार. इतक्या वर्षांचं सगळं बाहेर काढणार. तर कसलं काय! साळवेंनी साहेबांना नमस्कार केला, खुर्ची पुसली आणि रस्त्याच्या कडेला मांडली. पांढऱ्या पट्ट्याच्या पलीकडे, मुरमावर. पाठ दरीकडे.

“बसा साहेब. लांबनं आलात. चहा घ्या.”

साहेब बसले. मांडीवर फाइल, हातात कप. फाइल चाळत म्हणाले, “तसं बघितलं तर रस्ता इथं बराच रुंद वाटतो.”

“व्हय,” साळवे म्हणाले.

इतक्यात खालून दोन हॉर्न आले.

साळवेंनी घड्याळ बघितलं आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. एसटी वळणावर आली, ड्रायव्हरचा हात कपाळाला लागला, आणि गाडी साहेबांच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावरून घुमत वर चढली. साहेबांनी पाय आत ओढले. खुर्चीचा मागचा पाय मुरमात दोन बोटं खचला, आणि थोडा मुरूम निसटून खाली गेला. तो तळाशी पोचल्याचा आवाज आम्ही ऐकला नाही. तिसऱ्या खिडकीत प्रज्ञा होती, मांडीवर दप्तर. साळवे एसटी पार दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

“अहो,” साहेब अर्धवट उठत म्हणाले, “ही खुर्ची जरा आत घ्या.”

साळवेंनी खुर्चीवरचा हात काढला नाही.

“बसा की साहेब. रेकॉर्डवर हितं धोका नाय.”

साहेबांनी राहिलेला चहा उभ्यानंच संपवला, कप साळवेंच्या हातात दिला आणि आपल्या ड्रायव्हरला म्हणाले, “डिकीतनं टेप काढ.”