घोडेगाव नावाचं मशीन

नेटवर्कवर काहीही बिघडलं, तरी मामा आधी एकच करायचे. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यावर तर्जनी टेकवून विचारायचे, "नंबर वाढवला का?"

नव्वदच्या दशकाची अखेर होती. नगरच्या आमच्या कॉलेजात नुकतंच नेटवर्क आलं होतं. मामा तिथले शिपाई. तुमच्याही कॉलेजात असे एक मामा असतीलच; तास संपल्याची घंटा देणारे, माठ भरून ठेवणारे. आमचे मामा त्याशिवाय सर्व्हर सांभाळायचे. लॅबची फरशी पुसता पुसता सरांच्या खांद्यावरून बघून शिकलो, असं ते सांगत.

मी काष्टीचा. आमच्या घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. संगणकाला हात लावायची मला भीती वाटायची. मामांनी प्रत्येक मशीनला जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव दिलं होतं. खिडकीजवळचं भंडारदरा, कारण तिथे छत गळायचं. कोपऱ्यातलं घोडेगाव, कारण ते त्यांचं स्वतःचं गाव आणि त्यांचं स्वतःचं मशीन. मुलांनाही ते गावाच्या नावानेच हाक मारत.

"ए काष्टी, मशीन चावत न्हाई. बस."

कोणत्या नावाचं मशीन कुठल्या पत्त्यावर आहे, याची यादी लॅबच्या सर्व्हरवर असे. तिची नक्कल ऑफिसच्या इमारतीतल्या दुसऱ्या सर्व्हरवर; ऑफिसातली मशीनं तीच बघत. यादीत बदल केला, की तिच्या डोक्यावरचा नंबर एकाने वाढवायचा. दुसरा सर्व्हर फक्त तो नंबर बघतो. नंबर तोच दिसला, तर जुनीच नक्कल धरून बसतो.

"आत काय लिवलंय ते त्यो वाचत न्हाई," मामा म्हणायचे. "वरचं बघतो आन् फाईल बाजूला ठिवतो. पक्का सायेब हाय."

त्या वर्षी लॅब असिस्टंटची जागा निघाली. मामांनी अर्ज केला. संस्थेचे साहेब पाहणीला येणार होते आणि त्याच दिवशी अर्जाचं ठरणार होतं. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले. शर्टाला सुरकुती पडू नये म्हणून सकाळपासून कुठे टेकले नाहीत.

आदल्या दिवशी विभागप्रमुख सरांनी निकालाचं मशीन बदललं होतं आणि नवा पत्ता स्वतः यादीत लिहिला होता. लॅबमध्ये निकालाचं पान उघडत होतं. ऑफिसात, साहेबांच्या समोर, उघडेना. सरांनी वायर हलवली, कीबोर्ड बदलला, घाम पुसला. मी माझा प्रोजेक्ट दाखवायला तिथेच उभा होतो.

मामा दारातून हळूच म्हणाले, "सर, नंबर वाढवला का?"

सरांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. मामा लॅबमध्ये गेले, नंबर वाढवला, परत येऊन ऑफिसचा सर्व्हर बंद करून चालू केला. पान उघडलं.

"वा!" साहेब सरांना म्हणाले. "चांगली पकड आहे तुमची."

सर नम्रपणे हसले.

"आणि हे कोण?"

"आमचे शिपाई," सर म्हणाले. "मामा, चहा सांगा."

"साहेब, हे मामांनी केलं." चार शब्द होते. मी ते मनात दोनदा म्हटलेही. पण माझे प्रात्यक्षिकाचे गुण सरांच्या हातात होते. मी प्रोजेक्टची फाईल छातीशी धरून उभा राहिलो. चहा आला. चांगला होता.

जागेवर दुसराच कुणी आला. मामांची संस्थेच्या अकोले तालुक्यातल्या शाळेत बदली झाली. हुद्दा, शिपाई.

निघताना मी म्हणालो, "मामा, मी बोलायला पाहिजे होतं."

"व्हय," ते म्हणाले. "पायजे हुतं." मग पिशवी खांद्याला अडकवून जरा हसले. "जाऊ दे काष्टी. तिकडं नुसती घंटा हाय. तिला नंबर न्हाई."

त्यांचं मशीन नव्या माणसाने आपल्या खोलीत नेलं आणि त्याला स्वतःच्या पसंतीचं नाव द्यायचं ठरवलं. सरांनी मला घोडेगाव यादीतून काढायला सांगितलं. मी ती ओळ पुसली. मग वरच्या कोपऱ्यातल्या नंबरावर बोट टेकवून थोडा वेळ बसलो. विसरलो नव्हतो. पण नंबर वाढवला नाही.

नव्या माणसाला त्या नंबराची गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती. कॉलेज सोडताना दाखला घ्यायला ऑफिसात गेलो, तेव्हा तिथल्या मशीनवर हळूच घोडेगावचा पत्ता विचारून पाहिला. उत्तर लगेच आलं. घोडेगाव होतं, आपल्या जुन्याच पत्त्यावर.