वीतभर मगजी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, कारखान्यात माझ्या शेजारी बसून डबा खाणाऱ्या बायकांनाही नाही. तुम्हाला सांगते आहे, तर एक आधीच ठरवून घेऊ — मला समजून घेऊ नका. मी कापडबाजारात शिरले की व्यापारी आधी पंखा वाढवतात आणि मग चहा मागवतात, कारण ही बाई लवकर उठणार नाही हे त्यांना ठाऊक असतं. कुणी माझी कीव केली तर माझं डोकं फिरतं. तेव्हा नुसतं ऐका.

मी कॉटन ग्रीनच्या गोदामांमागे वाढले. वडील हमाली करायचे, आई फाटकी पोती शिवायची. शाळेतून आले की मीही दाभण आणि सुतळी घेऊन तिच्या शेजारी बसायचे. पोत्याचा टाका लांब असतो आणि खेचून घ्यावा लागतो. सैल पडला तर सगळा माल रस्त्यावर. मला त्या टाक्याची लाज कधी वाटली नव्हती. ती मला दुसऱ्यांनी शिकवली.

लग्न होऊन चिंचपोकळीला चाळीत आले. घर मालवणकडचं, सासरे गिरणी बंद पडल्यावर घरी बसलेले. सासूबाई गोधड्या शिवायच्या. विकायला नव्हे — घरच्यांसाठी, नात्यातल्या बाळंतिणींसाठी. त्या डावखुऱ्या होत्या. त्यामुळे त्यांचा टाका सगळ्यांच्या उलट बाजूला झुकलेला असायचा, बारीक आणि एकसारखा. चाळीतली कुठलीही बाई गोधडीची कड नुसती चाचपून सांगायची, ही त्यांची.

नवी नवरी होते, मदत करावी म्हणून सुई उचलली. सासूबाईंनी चार टाके पाहिले आणि सुई हातातून काढून घेतली.

"ह्यो टाको पोत्याचो," म्हणाल्या. "गोधडेक नको."

माझी नणंद शुभा तेव्हा कॉलेजात होती. पुस्तकातून डोकं वर काढून म्हणाली, "वहिनी, आईची गोधडी आहे ती. तांदळाची गोण नाही."

सगळे हसले. नवरा हसला. मीही हसले — काय करणार होते?

आता त्या घरातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. गोधडी भरून झाली की चारी कडांना पट्टी दुमडून बसवतात, ती मगजी. कापड तिरकं धरून पट्टी उरेब कापायची, म्हणजे ती कोपऱ्यावर सुरकुती न पडता वळते. पुढून धावदोरा घालायचा, मग पट्टी मागे वळवून तुरपाई करत यायचं. शेवटी जिथून निघालो तिथे पोचायचं आणि टोकं एकमेकांत घालून मिटवायची. सासूबाई मात्र आपल्या माणसासाठी गोधडी केली की शेवटची वीतभर मगजी मोकळी सोडायच्या. तिला तोंड म्हणायच्या. ज्याची गोधडी, त्याने येऊन त्यांच्या शेजारी बसायचं आणि स्वतःच्या हाताने तोंड मिटायचं. म्हणजे काय? म्हणजे हे घर तुझं आहे, केव्हाही ये. पाहुण्याला, परक्याला द्यायची गोधडी त्या स्वतः मिटून द्यायच्या.

लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत त्यांनी मला गोधडी दिली. मी तोंड शोधत कडेवरून बोटं फिरवली. चारी बाजू झाल्या. वाटलं, माझंच चुकलं असेल. पुन्हा फिरवली.

मिटलेली होती.

विचारलं नाही. काय विचारायचं? तीच गोधडी इतकी वर्षं पांघरते आहे. ऊब चांगली आहे तिची, खोटं कशाला बोलू?

पण मी गप्प बसणारी नव्हे. तिचाच एक कोपरा उसवून आतले थर कसे रचलेत ते पाहिलं आणि पुन्हा शिवला. चाळीच्या गॅलरीत जुनं मशीन टाकलं. आधी एकटी, मग शेजारच्या दोघी, मग लालबागला एक गाळा, तोच माझा कारखाना. दादरच्या दुकानांत माझ्या गोधड्या जायला लागल्या. एक दुकानदार मगजी ओढून बघत म्हणाला, "ताई, टाका जरा जाडा वाटतो." मी म्हटलं, "शेठ, ओढा अजून. तुमचं नख तुटेल, टाका नाही तुटणार." त्याने ओढली. पुढे त्याने टाक्याचं नाव काढलं नाही. सासूबाईंना मी किती वेळा म्हटलं, एकदा कारखाना बघायला चला. त्या म्हणायच्या, "मशीनचा काय बघूचा?"

शुभाचं आणि त्यांचं बिनसलं ते शुभाच्या लग्नावरून. मुलगा आमच्यातला नव्हता. सासूबाई हट्टाने लग्नाला गेल्या नाहीत. शुभाने गिरगावात संसार थाटला आणि ती आईच्या जिन्याची पायरी चढेना. दोघी सारख्याच. फोन समोर असायचा, पण कोण आधी करणार? माझा नवरा म्हणायचा, "दोघींचं दोघींनी बघावं." आणि पेपर उघडायचा.

वर्षं गेली. सासरे गेले. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्या घरातल्या घरात काठी धरून चालायला लागल्या. त्यांना न्हाऊ मी घालत होते. नखं मी कापत होते. कारखान्यातून धावत येऊन पेज मी भरवत होते. हे मी ऐकवण्यासाठी सांगत नाही — बरं, ऐकवण्यासाठीच सांगते. मी केलं ते.

त्याच दिवसांत त्यांनी शेवटची गोधडी काढली. शुभाचे शाळेतले फ्रॉक, स्वतःची लुगडी, सासऱ्यांचा गिरणीतला निळा शर्ट. हात थरथरायचा, पण टाका नाही थरथरला. मगजीला मी गाळ्यातून चांगली तलम पट्टी आणून दिली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि आपल्या लग्नातल्या शालूची पट्टी कापून घेतली. मगजी बसत आली, कोपरे वळले, आणि शेवटची वीतभर त्यांनी मोकळी सोडली.

घडी करून माझ्या हातात दिली. "शुभाक नेऊन दे. माका जिनो उतरूक जमणा नाय. तिका सांग, तोंड उघडा ठेवलंय. ती येतली नि माझ्यासमोर मिटतली."

मी पिशवीत घालायला घेतली, तशा म्हणाल्या, "आणि मगजीक हात लावू नको गो. तुझ्या हाताक धड नाय बसणा."

बस. एवढंच म्हणाल्या.

लालबागच्या गाळ्यात आले, त्या दिवशी बायकांना सुट्टी होती. मी गोधडी टेबलावर पसरली आणि ते तोंड बघत बसले. मुलगी वर्षानुवर्षं फिरकली नाही, तिला उघडी. मी रोज त्यांचं अंग पुसते, मला मिटलेली. सांगा, तुम्ही काय केलं असतं? नका सांगू. मी काय केलं ते ऐका.

मी सुई डाव्या हातात धरली.

आधी चिंधीवर करून पाहिलं. बोटं रक्ताळली. चिंधी टाकून दुसरी घेतली. डावा हात ऐकत नव्हता, मी त्याला ऐकायला लावलं — मी भल्याभल्यांना ऐकायला लावते, हात कोण? मग शालूच्या पट्टीची टोकं एकमेकांत घातली आणि उलटा झुकलेला, बारीक, एकसारखा टाका घालत ती वीत मिटवली. दोरा आत लपवला. आयुष्यात त्याहून सुंदर काम मी केलेलं नाही. हे सांगताना आजही मला अभिमान वाटतो, आणि तो वाटतो हेही लपवत नाही.

संध्याकाळी गिरगावात शुभाकडे गेले. तिने दार उघडलं, हातात पिशवी बघितली आणि ओळखलं.

"आईने पाठवली?"

"मग मी शिवली असती तर गोण झाली असती ना," मी म्हटलं.

ती हसली. तिचे डोळे भरून आले होते. पलंगावर बसून तिने गोधडी मांडीवर घेतली, फ्रॉकचे तुकडे ओळखत गेली — हा चौथीतला, हा आत्याने दिलेला. आणि मग अंगठा कडेवर ठेवून फिरवायला लागली. मी बघत होते. एक बाजू, दुसरी, तिसरी, चौथी. ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून फिरवली.

ते दुसऱ्यांदा फिरवणं कसं असतं, हे मला तिथे बसून पुरतं माहीत होतं. तरी मी बोलले नाही.

"वहिनी, आईने स्वतः मिटली?"

"टाका बघ ना. आईचा टाका ओळखत नाहीस?"

तिने उजेडात धरून बघितला. ओळखला. घडी घातली, कपाटात सगळ्यात वर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "चहा घेणार ना? साखर कमी घालते, तुम्हाला चालत नाही."

मी चहा घेतला. पूर्ण प्यायले.

घरी आले तर सासूबाई उशीला टेकून वाट बघत होत्या. काय म्हणाली? मी सांगितलं, बघते म्हणाली. त्या दिवसापासून गॅलरीत चप्पल वाजली की त्यांची मान दाराकडे वळायची. पेपरवाला, केबलवाला, वरच्या मजल्यावरची मुलं. मी भाजी चिरता चिरता ती मान वळताना बघत होते. एकदा त्यांनी विचारलं, "तोंड उघडाच होता ना गो, नेताना?"

मी म्हटलं, "हो."

कारखान्यातलं जे केलं ते रागात केलं. हे "हो" रागात नव्हतं. राग तोवर उतरला होता. चिंचपोकळीहून गिरगाव किती लांब आहे? कधीही बसमध्ये बसून जाता आलं असतं, नुसता एक फोन पुरला असता. रोज सकाळी मी उठत होते, त्यांना न्हाऊ घालत होते आणि फोन करत नव्हते. बाजारात मला सवय आहे — एकदा बोललेला भाव बदलायचा नाही. बदलला की समोरचा चढून बसतो. मी घरातही तेच केलं. समोर कोण होतं? एक म्हातारी, दाराकडे बघणारी.

पुढे त्यांना ताप आला तो उतरला नाही. शेवटच्या आठवड्यात त्या शुभाबद्दल विचारेनाशा झाल्या. एका दुपारी पाणी पाजताना माझं मनगट धरलं. "तिचो राग खरो आसा," म्हणाल्या. "तिका सांग, तुझ्या लग्नाक इलंय नाय, ता माझा चुकला." मग म्हणाल्या, "सांगशीत ना?"

मी मान डोलावली.

शुभा आली ती त्या गेल्यावर. नवऱ्याने फोन केला होता. पायांशी उभी राहिली, वाकून पाया पडली, रडली नाही, आणि माणसांनी तिरडी उचलली न उचलली तोच जिना उतरून गेली. चाळीतल्या बायका म्हणाल्या, केवढं काळीज दगडाचं, आई मेली तरी डोळ्यांत टिपूस नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतं, मलाही कळत होतं. मी म्हटलं, "असतो एकेकाचा स्वभाव."

तिच्यावर दगडाचं काळीज हे नाव तेव्हा पडलं ते अजून आहे. नात्यातल्या लग्नाकार्यात तिला कुणी मनापासून बोलावत नाही. मला बोलावतात, पहिल्या रांगेत बसवतात. सासूचं कसं केलं हिने, म्हणतात. केलंच होतं. तेही खरं आणि हेही खरं, आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही. मी तसा सौदा मांडत नाही.

मला गोधडी मिटलेली मिळाली याचा राग गेलाय का? नाही. तो माझा आहे, मी तो ठेवणार. पण तो सासूबाईंवर होता आणि मी तो शुभाच्या अंगावर टाकला. तिने माझं काय केलं होतं? पोरवयात एक वाक्य बोलली होती.

शुभा, हे छापून येईल तेव्हा तुझ्यापर्यंत पोचेल. तुझं नाव बदललेलं नाही, मुद्दामच. आईंनी तोंड उघडं ठेवलं होतं. त्या शेवटपर्यंत दाराकडे बघत होत्या. आणि लग्नाला आल्या नाहीत ते चुकलं, असं तुला सांग म्हणाल्या होत्या.

कपाटातून गोधडी काढशील तेव्हा टाक्यावरून तुला फरक कळणार नाही. कळू नये म्हणूनच तसा घातला होता. म्हणून जागा सांगते. बाबांच्या निळ्या शर्टाचा तुकडा आहे ना, त्याच्या खालची कड — कोपऱ्यापासून वीतभर. तेवढी माझी आहे. बाकी सगळी आईंची.