माझ्या पाठीमागचं स्टूल

त्या मंगळवारी सकाळी माझा प्रिंटर चालत नव्हता. नऊ वाजता भानुदासभाऊ येणार होते. पावणेनऊला कुसुमवहिनींचा फोन आला. "ताई, खाली या. ह्यांनी चहा घेतला अन् पडले." मी चपला न घालता दोन मजले उतरले. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली, मग घड्याळ पाहिलं. भानुदास दांडगे गेले होते.

त्याला आता दीड महिना झाला. या काळात मी बरंच लिहायला घेतलं आणि सोडून दिलं. भाऊंबद्दल लिहायचं तर संगणकाबद्दल लिहावं लागणार, आणि संगणकाबद्दल लिहायचं म्हटलं की मला अजूनही परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. पण आमची ओळखच त्या यंत्रापाशी झाली. गारखेड्यातल्या आमच्या इमारतीत ते तळमजल्यावर, मी दुसऱ्या मजल्यावर. ते मूळचे शेंद्र्याचे. औद्योगिक वसाहतीत जमीन गेली आणि त्याच वसाहतीतल्या एका कंपनीत ते दुरुस्ती विभागात लागले, तिथूनच निवृत्त झाले. मी शहागंजातल्या एका छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासली. आमच्यात बोलण्यासारखं एवढंच होतं की नळाला पाणी आलं का, आणि नसलं तर कधी येणार.

चार वर्षांपूर्वी मी माझा लॅपटॉप पिशवीत घालून जिना उतरत होते. त्यातली विकतची प्रणाली जुनी झाली होती, नवी त्याला झेपत नव्हती, आणि दुकानदार म्हणाला होता, भंगारात द्या. भाऊ दारात पेपर वाचत होते. "कुठं चालली ही सवारी?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी लॅपटॉप हातात घेऊन कानाशी धरला, आतला पंखा ऐकला आणि म्हणाले, "मशीन तर ठणठणीत हाय की. ह्याच्यावर लिनक्स टाका. फुकट असतंय, अन् जुन्या मशीनला चालतंय. मी टाकलंय आमच्यात." मी विचारलं, तुम्हीच टाकाल का ते? ते हसले. "मी बसंन तुमच्यामागं. टाकायचं तुम्ही."

हे 'मागं बसणं' त्यांनी अक्षरशः पाळलं. माझ्या टेबलामागे लोखंडी स्टूल ओढून ते बसायचे आणि दोन्ही हात पाठीमागे धरायचे. चार वर्षांत त्यांनी माझ्या कीबोर्डला बोट लावलं नाही. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी. आमच्याकडे यंत्र बिघडलं की माणूस बोलवायचा आणि आपण लांब उभं राहायचं, ही रीत. मला तर इस्त्रीची वायर बदलायचीही भीती. अशा बाईला त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं, "ताई, पडद्यावर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचा. सगळं वाचा. अर्थ नका लावू." आयुष्यभर मुद्रितं तपासलेल्या बाईला कोणी वाचायला शिकवावं याचा मला जरा रागच आला. पण खरं सांगायचं तर मी पडदा वाचतच नव्हते. चौकट उगवली की घाबरून 'हो' दाबायचे. प्रणाली टाकताना त्या यंत्राने 'आधीचं सगळं पुसू का?' असं स्वच्छ विचारलं होतं आणि मी 'हो' म्हटलं होतं. फायली मी पेनड्राइव्हवर घेतल्या होत्या, त्यामुळे निर्धास्त होते.

पहिला आठवडा माझी फजितीच होती. वायफाय दिसेना. मी फोनवर शोधून पाच ठिकाणचे पाच उपाय एकापाठोपाठ एक करून ठेवले, आणि लॅपटॉपचा आवाजही गेला. भाऊ आले, त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाचातलं कशानं बिघडलं?" मला सांगता येईना. "मग बसा आता पाची उलटे करत. कंपनीत एकानं बेल्ट बी बदलला, मोटर बी बदलली, वायर बी बदलली, अन् मशीन चालू झालं तर तो खुशीत! म्हनलं, काय शिकलास? एका टायमाला एकच बदलायचं, ताई. बैजवार." मग फोन वायरने लॅपटॉपला जोडून त्यावरून इंटरनेट घ्यायचं आणि वायफायचा राहिलेला भाग उतरवून घ्यायचा, हे त्यांनी मला करायला लावलं. तेव्हाच आज्ञा टंकायच्या काळ्या खिडकीत यंत्राने पासवर्ड मागितला. मी टाकला तर काहीच उमटेना. ना अक्षर, ना ठिपका. "भाऊ, कीबोर्ड गेला!" "कीबोर्ड जागेवर हाय. मशीनला दिसतंय, तुम्हाला दाखवत नाय एवढंच. टाका न बघता." मी टाकला. वायफाय आलं. मी टाळ्या वाजवल्या होत्या, हे लिहायला आता लाज वाटत नाही.

'बैजवार' हा शब्द मी त्याच दिवशी चिठ्ठीवर टिपला, कारण माझा खरा उद्योग तोच होता. बारा वर्षं मी मराठवाड्यातल्या बायकांच्या तोंडचे शब्द गोळा करत होते. बिडकीनच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या बाकावर... कानावर पडला की चिठ्ठी, आणि संध्याकाळी टंकन. ते सगळं छापखान्यातल्या जुन्या फॉन्टमध्ये होतं. वायफाय आल्यावर मी पेनड्राइव्ह लावला आणि पहिली फाइल उघडली. पडद्यावर एकही मराठी अक्षर नव्हतं. टिंबं, रोमन अक्षरं, उलटे स्वल्पविराम, मधेच चौकोन. दुसरी उघडली, तेच. सगळ्या फायली तशाच.

भाऊ मागे बसले होते. मी म्हणाले, "भाऊ, तुम्हाला दोन मिनिटांत जमेल. तुम्ही करा ना." ते म्हणाले, "काय लिहिलंय ते वाचा." "काय वाचू? यात वाचण्यासारखं काय आहे?" मी रडत ओरडलेच. "बारा वर्षं गेली माझी, आणि तुम्ही हात मागे बांधून बसलाय!" एक फाइल आपल्या पेनड्राइव्हवर घालून द्यायला त्यांनी सांगितलं, मी ती दिली, आणि ते जिना उतरून गेले. मी लॅपटॉप मिटला. त्या संध्याकाळी मी स्वयंपाक केला नाही. माणूस इतका कोरडा कसा असू शकतो, असं मला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी बरोबर नवाला बेल वाजली. मी दार उघडलं आणि बाजूला झाले. त्यांनी स्टूल ओढलं. "ताई, ही फाइल तुम्ही कोनाला कधी ईमेलनं धाडली होती का?" छापखान्यातल्या सलीमभाईंना एकदा पाठवली होती. "ती काढा. साइज किती दाखवतंय? अन् पेनड्राइव्हमधलीची किती?" मी दोन्ही आकडे वाचले. सारखे होते. भाऊ पुढे झुकले. "वजन तेवढंच हाय. म्हंजे माल शाबूत. डाय हरवलीय." डाय म्हणजे साचा, कारखान्यात पत्र्याला आकार देणारा. माझी अक्षरं ज्या साच्यातून दिसायची तो फॉन्ट पुसलेल्या प्रणालीबरोबर गेला होता. मजकूर होता तिथेच होता.

आम्ही दोघं रिक्षाने शहागंजात गेलो. सलीमभाई तिथले जुने अक्षरजुळणीकार. माझ्या चुकांवर ते आणि त्यांच्या चुकांवर मी हसण्यात आमची तीस वर्षं गेलेली. "आओ आओ, दीदी! रिटायर होऊन बी गलती काढायला आल्या का?" कोपऱ्यात जुना संगणक कापडाखाली होता. "ये बुढ्ढा चालू होईल का, अल्ला जाने," म्हणत त्यांनी बटण दाबलं आणि थोडा वेळ आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत उभे राहिलो. तो घरघरला. फॉन्टची फाइल मिळाली. घरी येऊन ती कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायची ते मी स्वतः वाचलं, ठेवली, यंत्र बंद करून चालू केलं आणि पहिली फाइल उघडली. 'अडसर' हा पहिला शब्द होता. मी 'अ'पासून वाचत सुटले. बऱ्याच वेळाने मागे पाहिलं तर स्टूल रिकामं होतं. ते कधी गेले, कळलंही नव्हतं.

पुढे मी सगळ्या फायली युनिकोडमध्ये आणल्या. रूपांतरात जोडाक्षरं फुटत, ऱ्हस्वाची वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसे; म्हणजे पुन्हा मुद्रितं तपासणंच. दर मंगळवारी भाऊ येत. बिघाड नसला तरी येत. चहाच्या बदल्यात एक शब्द द्यायचा असा मी नियम केला होता. माळवद, इस्कोट, उलीसं... त्यांच्या आईच्या तोंडचे शब्द ते आठवून आणत, आणि आठवला नाही तर तोंड पाडून बसत. एकदा मी विचारलं, हात लावायचा नाही हे तुमचं व्रत कुठलं? ते म्हणाले, "कंपनीत मी लई हुशार व्हतो. मशीन बंद पडलं की जायचो, दोन मिनिटांत चालू करून यायचो. सगळे म्हनायचे, दांडगे म्हंजे जादूगार. मग मी आजारी पडलो, घरी ऱ्हायलो, तर लाइन बंद. ऑपरेटर नुसते उभे. तवा कळलं, ही माझी हुशारी नव्हती. मी त्यांचे हात काढून घेतले व्हते."

त्या शेवटच्या सोमवारी मी 'ब'चं पान छापायला घातलं होतं. त्यात 'बैजवार' होता: सावकाश, नीट, एकापाठोपाठ एक. पुढे कंसात, सांगणारे भानुदास दांडगे, शेंद्रा. ते मला मंगळवारी त्यांच्या हातात द्यायचं होतं. अर्धं पान आलं आणि लाइट गेली. लाइट आली, प्रिंटर काही हलेना. मी त्यांना फोन केला. "कितीदा दाबलं?" "एकदाच," मी म्हणाले. "बरं. आता काही दाबू नका. सकाळी नवाला येतो."

तेराव्यानंतर चार दिवसांनी वहिनी वर आल्या. त्यांच्या हातात एक शंभरपानी वही होती. "हे तुमचंच हाय. सगळं तुमच्याच मशीनचं लिहिलंय." प्रत्येक पानावर तारीख, खाली 'ताईंचं', आणि त्याखाली 'आपलं'. मला अर्थ लागेना. वहिनी म्हणाल्या, "अवो, तुमच्याकडून आले की आपलं मशीन बिघडवून बसायचे. मी म्हनायची, धड चाललंय ते कशाला मोडता? तर म्हनायचे, ताईंचं ज्या रस्त्यानं गेलं त्या रस्त्यानं जाऊन बघतो. मग जेवायला बोलवलं तरी येत नव्हते." मी त्या दिवसाचं पान शोधलं, ज्या दिवशी मी त्यांच्यावर ओरडले होते. 'ताईंची फाइल आपल्यात पण उघडली. आपल्याला पण वाचता येत नाही. ताई रडल्या. उपाय माहीत नाही.' त्याखाली, वेगळ्या पेनाने, 'वजन बघू.'

म्हणजे त्यांना येत असूनही ते बसून राहिले नव्हते. त्यांनाही येत नव्हतं. चार वर्षं मी समजत होते की माझ्या मागे एक जाणकार बसला आहे. माझ्या मागे माझ्याइतकाच नवखा माणूस बसला होता, फक्त घाबरलेला नव्हता.

शेवटचं भरलेलं पान सोमवारचं होतं. 'ताईंचा प्रिंटर. आपल्याकडे प्रिंटर नाही. उद्या तिथंच बघू. एकदाच दाबलं म्हणतात. आठ-दहा वेळा दाबलं असणार.'

मला हसू आलं, वहिनींनाही आलं. नंतर वहिनींनी डोळे पुसले, स्टूल ओढलं, त्यावर बसल्या आणि हात पाठीमागे नेले. त्यांना संगणकातलं काही कळत नाही. "वाचा," त्या म्हणाल्या, "काय लिहिलंय मशीनवर?"

मी प्रिंटरची चौकट उघडली आणि मोठ्याने वाचली. प्रिंटरच्या नावापुढे 'थांबवलेला' असं लिहिलं होतं. अडीच आठवडे ते तिथेच लिहिलेलं होतं. मी बघितलं नव्हतं. "शेवटचं काय बदललं व्हतं?" वहिनींनी विचारलं, अगदी भाऊंच्याच सुरात. लाइट गेली होती. पान अर्ध्यात तुटलं तेव्हा प्रणालीने प्रिंटर थांबवून ठेवला होता, आणि लाइट आली तरी कोणी त्याला 'चालू हो' म्हटलं नव्हतं. मी फक्त तेवढीच एक खूण केली. दुसरं काही बदललं नाही.

प्रिंटर खाकरला आणि पान बाहेर आलं. मग तेच पान पुन्हा आलं. मग पुन्हा. सोमवारी जितक्यांदा दाबलं होतं तितक्यांदा 'ब'चं पान येत राहिलं, आणि वहिनी तोंडाला पदर लावून हसत राहिल्या. "ओळखलं व्हतं त्यांनी!"

मी मोजली. नऊ पानं होती.

वहीतल्या त्या पानाखाली मी माझ्या अक्षरात लिहिलं, 'लाइट गेल्याने प्रिंटर थांबवलेला होता. चालू केला. नऊदा दाबलं होतं.' शब्दांच्या फायली आता 'म'पर्यंत तपासून झाल्या आहेत. वहिनी मंगळवारी नऊला येतात आणि चहाच्या बदल्यात शब्द देतात. त्यांचं माहेर बिडकीनकडचं, त्यामुळे शब्द पुष्कळ आहेत. एक पान त्या घेऊन गेल्या. उरलेली आठ त्या स्टुलावर ठेवलेली आहेत, आणि वहिनी आल्या की त्यांना बसायला मी ती उचलते.