बेटावर जाणारी होडी

धरणात गाळ साचतो तसे आमच्या होडीत किस्से साचतात. गाळ तरी उन्हाळ्यात उपसता येतो, किश्श्यांचं काय करायचं? सांगत बसायचं!

गेवराई तालुक्यातलं आमचं गाव. धरण भरलं आणि समोरच्या टेकडीचं बेट झालं. तिथं मी होडीनं पाहुणे नेतो. पक्षी दाखवायचे, तंबू ठोकून द्यायचे, ठेचा-भाकरी खाऊ घालायची. जोडीला बाबूमामा. त्यांची मेंढरं बेटावरच चरतात. मामा मूळचे शिरूर कासारकडचे. तिकडं पाणी बघायचं तर घागरीत वाकावं लागतं! इथं येऊन वल्हवायला शिकले.

* * *

एकदा बीडचे एक रिटायर्ड गुरुजी आले. होडीत बसल्यापासून डोळे मिटून रामरक्षा चालू. "मला पोहता येत नाही हो," एवढंच मधूनमधून.

उन्हाळ्याचे दिवस. ऐन मध्यावर होडी गाळात रुतली. मामांनी मागचापुढचा विचार न करता उडी टाकली.

"मामा गेले!" गुरुजी किंचाळले.

मामा गुडघाभर पाण्यात उभे. म्हणाले, "गुरुजी, उतरा. पोहता येत न्हाई, पर चालता तर येतं न्हवं?"

गुरुजी धोतर खोचून उतरले आणि बेटापर्यंत हसत चालत गेले.

* * *

पुण्याहून एका बाईंचा फोन आला. टॉयलेट आहे का, चार्जिंग आहे का, एकेक विचारत शेवटी, "स्विमिंग पूल आहे का?"

मी 'नाही' म्हणणार, तेवढ्यात मामांनी फोन ओढून घेतला.

"हाय की! चारी बाजूंनी हाय!"

बाई आल्या. दोन दिवस राहिल्या!

* * *

तपासणीला एक साहेब आले. आम्ही तिघं-चौघं होडीवाले माना खाली घालून उभे. साहेब कडाडले, "होडीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट पाहिजे. अपवाद चालणार नाही!"

आठवड्यानं ते न सांगता परत आले. नेमके मामा बेटावरून येत होते. मामांच्या अंगात जॅकेट. शेजारी मेंढा, त्याच्याही अंगात केशरी जॅकेट!

"हे काय आहे?"

"साहेब, तुमीच म्हणला, अपवाद न्हाई!"

मी म्हटलं, आता होडी बंद! साहेबांनी मेंढ्याभोवती एक चक्कर मारली, मग आमच्याकडं बघितलं.

"तुमच्या सगळ्यांपेक्षा यानंच बक्कल नीट लावलंय!"

* * *

बेटाच्या माथ्यावर देवीचं ठाणं आहे. आखाडात नैवेद्याला जुन्या गावची माणसं येतात. ते गाव धरणात गेलं. एका वर्षी सरूआजी आल्या, गाव उठल्यावर पहिल्यांदाच. देवीपुढं नारळ फोडला आणि विचारलं, "माझं घर कोणत्या अंगाला रं?"

मामांनी पाण्याकडं बोट केलं. "आजी, आत्ता तुमच्या घरावरनंच आलो की आपण."

आजी पाण्याकडं वळल्या. मला वाटलं, आता रडतील.

"आगं बया! म्हंजी मी चपला घालून घरात शिरले?"

परतताना चपला काढून हातात धरल्या. ती जागा आली तेव्हा मामांनी न सांगता वल्हं थांबवलं.

* * *

आणि हा मागच्या पावसाळ्यातला. दुपारी वारा सुटला आणि मामांची होडी काठाला लागली. रिकामी!

मामांचा फोन लागेना. गाव काठावर जमलं. कुणी म्हणालं, "बाबू बुडाला!" बायका रडायला लागल्या. तेवढ्यात मामांची बायको, गयामामी आली. जन्मात कधी होडीत न बसलेली बाई. पाण्याला लई भ्यायची. ती थेट माझ्या होडीत येऊन बसली. मांडीवर एक गाठोडं.

"चल," एवढंच म्हणाली.

लाटा आत येत होत्या. मी वल्हवत होतो, मामी एका हातानं पाणी उपसत होती. दुसऱ्या हातात गाठोडं.

बेटावर पोचलो तर मामा बाभळीखाली मेंढरं राखत बसलेले! दोर सुटून होडी वाऱ्यानं गेलती, मोबाइल होडीतच. मी तिथंच मातीत बसलो.

मामा उठून आले. "तू कशापायी आलीस? ते बी पाण्यातनं?"

मामीनं गाठोडं सोडलं. भाकरी, ठेचा, कांदा.

मामांनी भाकरी हातात घेतली. "आगं, मी बुडालो म्हणून आलीस ना? मग भाकर कुणाला आणलीस?"

मामी कांदा फोडत म्हणाली, "बुडाला असं गाव म्हणत होतं. मी कवा म्हणले?"